डावी बत्तीस, उजवी बत्तीस

आटपाडीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून मी रुजू झालो त्या दिवशी डॉक्टरांनी माझी प्रमाणपत्रं तपासली आणि मालन सिस्टरनं माझ्या पोटऱ्या. डॉक्टरांचं पाच मिनिटांत आटोपलं. मालन सिस्टरला वेळ लागला, कारण मी नवी, घट्ट जीनची पँट घालून गेलो होतो आणि ती काही केल्या गुडघ्यापर्यंत वर जाईना.

"सैल घालत जावा," ती म्हणाली. "रगताला जागा नको व्हय?"

तिच्या गळ्यात शिंप्याची टेप होती. तिनं माझ्या गुडघ्याखालचं हाडाचं टेंगूळ बोटानं चाचपलं, तिथून दहा सेंटिमीटर खाली शिंप्याच्याच निळ्या खडूनं रेघ मारली आणि टेप गुंडाळली. मग दुसऱ्या पायाला तेच. "डावी बत्तीस, उजवी बत्तीस. चालतंय," म्हणाली, वहीत लिहून घेतलं आणि निघून गेली. गाव कोणतं, कुणाचा मुलगा, लग्न झालंय का, यातलं काही म्हणजे काही तिनं विचारलं नाही. मी शिराळ्याचा आहे हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हापासून मी 'शिराळकर' झालो. माझं खरं नाव तिला शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे. माझी पोटरी मात्र ती पाठ म्हणून दाखवायची.

पायातल्या आतल्या शिरेत रक्ताची गाठ धरली की बहुधा एकच पाय सुजतो. गाठ तिथंच राहिली तर पाय दुखतो, आणि सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. पुस्तकात यावर चार पानं आहेत. मालन सिस्टरनं ते एका ओळीत बसवलं होतं. "रगत आन् पाव्हणा, एका जागी बसला की घराला भारी." ऑपरेशन झालेले, हाड मोडलेले, बाळंत झालेल्या बायका, जे जे म्हणून खाटेला खिळतात ते सगळे रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या टेपेतून जायचे. दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरचा फरक निघाला की ती डॉक्टरांना भरल्या ताटावरून उठवायची. डॉक्टर मुकाट्यानं उठायचे.

ती वही एक प्रकरणच होतं. लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली. पुढून उघडली की ब्लाउजची मापं: छाती, खांदा, मुंढा, बाही. मागून उघडली की पोटऱ्या. सिस्टर होण्याआधी ती माणमध्ये, दहिवडीजवळच्या तिच्या माहेरगावी, बायकांचे कपडे शिवायची. नवरा मुंबईला गोदामात कामाला होता. आधी सणाला यायचा, पुढं सणालाही येईना. मग ती आटपाडीला आया म्हणून आली आणि डॉक्टरांनी फॉर्म भरून तिच्याकडून नर्सिंगचा कोर्स करवून घेतला. शिवणकाम सुटलं, टेप सुटली नाही. का सुटली नाही हे मला पुढं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्या दिवशी वाटलं.

उंच, काटकुळी बाई. चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. ती बसलेली मी नऊ वर्षांत दोनदा पाहिली. जेवायचीसुद्धा उभ्यानं, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून.

पेशंटना तिचा एकच मंत्र होता: "मशीन चालवा." ज्यांना उठता येत नाही त्यांनी पडल्या पडल्या पावलं खालीवर करायची, पायमशीनवर शिवताना करतात तशी. काळीज रक्त खाली ढकलतं, पण खालचं वर आणायचं काम पोटरीचं, असं ती सांगायची. भेटीच्या वेळेला वॉर्डात शिरलं की बाराच्या बारा खाटांवर चादरीखाली पावलं हलत असायची. नातेवाइकांना वाटायचं, सगळ्यांना थंडी वाजून आलीय. एखादा थांबला की दारातून आवाज यायचा, "मामा, आजून बाही राहिलीया." मिशाळ, पैलवान गडी निमूट बाही पुरी करायचे. एका निवृत्त सुभेदारानं पाच दिवसांत अकरा ब्लाउज शिवल्याची नोंद मी स्वतः त्या वहीत पाहिली आहे.

सगळेच इतके शहाणे नव्हते. जन्मभर मेंढरांमागं चाललेले एक मामा हर्नियाच्या ऑपरेशनला आले. सत्तरी ओलांडलेली, पाय लाकडासारखे. तीन मुलं, तीन सुना, आणि सगळ्यांनी ठरवलं की बापाचा पाय आता जमिनीला लागू द्यायचा नाही. पाणी तोंडाशी, भाकरी तोंडाशी. मामांनाही ते पटलं होतं. "जल्मभर चाललोय गं पोरी, आता झोपू दी," म्हणायचे. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, मी तर त्यांना फुप्फुसाचं चित्र दाखवलं. मामा चित्र बघून म्हणाले, "बकऱ्याचं बी असंच आसतंय," आणि कूस बदलली.

मालन सिस्टरनं काहीच समजावलं नाही. ती खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आवं मामा, तुमची शेळी डॉक्टरांच्या तुळशीत शिरली बघा."

मामांनी अशी हाळी दिली की शेजारच्या खोलीतलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. पोटाची पट्टी हातानं दाबून ते थेट फाटकापर्यंत चालत गेले. शेळी कुठली? ती तिकडं पंधरा किलोमीटरवर बांधलेली. "गेली वाटतं," मालन सिस्टर म्हणाली. संध्याकाळी शेळी परत आली. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी मी सकाळी वॉर्डात गेलो तर मामा मुंडासं बांधून खाटेच्या कडेला तयार बसलेले. मला म्हणाले, "आज किती वाजता याची हाय शेळी?"

दवाखान्याच्या दारात काढलेल्या चपला बघायची तिला सवय होती. मला वाटायचं, बाई नीटनेटकेपणा बघते. ती पट्टे बघायची. एकदा विट्याला एका लग्नाला आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर गेलो; मागं बसलेली ती मला दिसली नाही, म्हणून ते बसणं मी मोजत नाही. अक्षता पडल्या, मी पंगतीकडं निघालो तर ही मंगल कार्यालयाच्या दारात, चपलांच्या ढिगाशी उभी. एका जोडाकडं बोट दाखवून म्हणाली, "उजव्याचा पट्टा तिसऱ्या भोकात, डाव्याचा पहिल्या." मी म्हटलं, असेल, चला जेवायला. तर म्हणाली, मालक येऊ दे.

मालक तासाभरानं आला, दात कोरत. नवऱ्या मुलाचा मेहुणा, बहिणीचा नवरा. दक्षिणेत कुठं तरी त्याचं सोनं गाळायचं दुकान, आणि ट्रॅव्हल्सनं तीस तास बसून आदल्या दिवशी आलेला.

"डावी पँट वर करा," मालन सिस्टर म्हणाली.

"कोण तुमी?"

"सिस्टर. डावी."

मांडवातले सासरचे सगळे बघायला लागले. जावयाला असं कुणी बोलत नाही, निदान मानपान व्हायच्या आधी तरी. पण तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं पँट वर केली. उजवी बत्तीस, डावी साडेछत्तीस. त्याला परस्पर सांगलीला पाठवलं. गाठ मांडीपर्यंत चढली होती. पोटात इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या, माणूस वाचला. तेव्हापासून दर दिवाळीला तिकडून केळ्याच्या वेफर्सचा डबा यायचा. तो ती मला द्यायची. म्हणायची, "बसून खायाची चीज हाय, मला काय उपेग?" त्या दिवशी आमचं जेवण हुकलं ते हुकलंच. जिलबी होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर असलेल्या पेशंटचं रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो तो आकडा काढायचं काम माझं. या गोळीवरच्या आमच्या बहुतेक पेशंटांचा तो दोन ते तीनच्या मधे ठेवायचा. कमी झाला तर गाठ, जास्त झाला तर रक्तस्राव. हिरव्या भाजीनं तो आकडा खाली येतो, म्हणून लोक मेथी एकदम बंद करायचे, मग सासुरवाडीला जाऊन एकदम पोटभर खायचे. मालन सिस्टर त्यांना दारातच विचारायची, "मेथी किती?" आणि सांगायची, "बंद करू नगा. रोज सारकी खावा. संसारात बी तसंच आसतंय." तिच्या तोंडून संसारावरचं मी ऐकलेलं हे एकमेव वाक्य.

आता तानूबाई. आटपाडीत बाळ-बाळंतिणीला चोळायचं म्हणजे तानूबाईनं. निम्मा गाव तिच्या पायावर न्हालेला. बाळंतिणीला सव्वा महिना खाली उतरू द्यायचं नाही, खाटेखाली शेगडी, आणि रोज गरम तेलानं अंग रगडायचं, हा तिचा कायदा. एकदा ती तेलाची वाटी घेऊन दवाखान्यातच आली. सिझर झालेल्या बाईच्या सुजल्या पायाला हात घालणार, एवढ्यात मालन सिस्टरनं तिचं मनगट धरलं.

"पाय चोळायचा न्हाई."

"का? ह्या हातानं गावाच्या दोन पिढ्यांची हाडं सरळ केली म्या," तानूबाई म्हणाली. "तुज्या टेपेनं काय शिवलंस गं?"

सगळा वॉर्ड ऐकत होता.  मालन सिस्टरनं त्या बाईच्या पोटऱ्या मोजल्या, सारख्या भरल्या, साधीच सूज होती. मग ती माझ्या लॅबमध्ये आली आणि स्टुलावर बसली. तिला बसलेलं बघून मी सुईच खाली ठेवली. बसलेली ती पहिली वेळ.

तिनं वही पुढून उघडली. ब्लाउजच्या मापांचं शेवटचं पान. त्यावर ब्लाउज नव्हता. वर लिहिलं होतं: सुरेखा, पैंजण. खाली: उजवा नऊ इंच, डावा साडेदहा. त्याच्याखाली: साडेदहा धरलं.

सुरेखा तिची धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दहाव्या दिवशी डावा पाय मांडीपर्यंत सुजला. वारं भरलंय, चोळा, सगळ्या बायका म्हणाल्या. "चोळायला मीच बसले," मालन सिस्टर म्हणाली. "माजं हात मशीनीनं घट झालेलं. दोन दिस चोळलं. बरं वाटतंय म्हनायची. खोटं बोलत आसंल, मला वाईट वाटू नगं म्हनून."

बारशाला बहिणीच्या पायात नवं पैंजण घालायचं म्हणून तिनंच माप घेतलं. "शिंप्याचा नेम हाय, शिराळकर. दोन मापं आली की मोठं धरायचं. कापड आत घेता येतंय, वाढवता येत न्हाई. दीड इंचाचा फरक माज्या हातानं लिवला. आन् मोठं माप धरून गप बसले."

बाराव्या दिवशी सकाळी, पाहुणे यायला लागले तेव्हा, सुरेखा म्हणाली, "आक्के, दम लागतोय." आणि शिवणाच्या मशीनवर डोकं टेकलं. सोनारानं पैंजण वेळेवर आणून दिलं होतं. घालणारी राहिली नव्हती.

न चोळता सुद्धा ती गाठ सुटली असती, हे डॉक्टरांनी तिला किती तरी वेळा सांगितलं होतं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि त्यातलं एक अक्षर मानायची नाही. सुरेखाच्या मुलीला, पूजाला, मालन सिस्टरनंच वाढवलं.  मी चहा सांगितला. चहा आला तोवर ती उठली होती. तिनं तो उभ्यानं प्यायला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं वाटलं की आम्ही सगळे त्या टेपेवर इतकी वर्षं हसत होतो.

दुसऱ्या दिवशी ती तानूबाईच्या घरी गेली. मला बरोबर नेलं, साक्षीला असावं तसं. भांडण होणार म्हणून मी दाराजवळच उभा राहिलो. तिनं पिशवीतून काळा दोरा काढला, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो.

"चोळू नगं म्हनायला आले न्हाई," ती म्हणाली. "चोळायच्या आधी एवढंच कर. ह्यो दोरा चांगल्या पोटरीला गुंडाळायचा, टोक भेटंल तितं खुनंची गाठ मारायची. तोच दुसऱ्या पोटरीला घालायचा. गाठ टोकाला पोचली तर चोळ. पोचली न्हाई तर हात काढ आन् तिला दवाखान्यात आन."

तानूबाईला आकडे वाचता येत नव्हते, पण गाठ सगळ्यांनाच येते. तिनं दोरा उलटसुलट पाहिला, तंबाखूच्या चंचीत टाकला आणि आम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

दोन वर्षं त्या दोऱ्याचं काय झालं कळलं नाही. मी समजत होतो, त्याला कडीपत्ता वाळत घातला असेल. मग एका दुपारी दवाखान्याच्या दारात टेम्पो थांबला. तानूबाईची स्वतःची सून, आठवड्याची बाळंतीण, आत झोपवलेली. तानूबाई तिच्या पायाशी. सुनेच्या डाव्या पोटरीवर काळा दोरा, आणि तानूबाईनं एका चिमटीत त्याचं टोक, दुसऱ्या चिमटीत गाठ धरलेली. मधे दोन बोटांचं अंतर.

"गाठ पोचत न्हाई गं," ती म्हणाली. घरी शेजारणी तिला म्हणत होत्या, गावाचं चोळतेस आणि घरच्या सुनेला हात आखडतेस व्हय? तेल तापवलेलं होतं, तळहाताला लावलेलं होतं. तिनं दोन्ही तळवे मालन सिस्टरसमोर धरले. "हात लावला न्हाई म्या. त्याल तसंच हाय, बघ."

टेपेवर चार सेंटिमीटरचा फरक निघाला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगलीला पाठवलं. अँब्युलन्समध्ये मालन सिस्टर बसली, सुनेचा पाय हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. बसलेली ती दुसरी वेळ. तानूबाई मागं राहिली, व्हरांड्यात भिंतीला टेकून, तेलाचे हात मांडीवर उताणे ठेवून. पाणी दिलं तर घेईना. संध्याकाळी फोन आला: गाठ आहे, जागेवर आहे, उपचार सुरू झाले, पोरगी बोलतेय. मी तानूबाईला सांगितलं. तेव्हा तिनं पहिल्यांदा हात पदराला पुसले. सहा महिने त्या सुनेचं रक्त मीच तपासत होतो. प्रत्येक वेळी तानूबाई दाराशी उभी राहून विचारायची, "आकडा?"

गेल्या वर्षी मालन सिस्टरनं नोकरी सोडली. साठी झाली हे कारण तिनं अर्जात लिहिलं. खरं कारण पूजा. पूजा दहिवडीला शाळेत शिक्षिका आहे, आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. मालन सिस्टर कुणाला काही बोलली नाही, पण शेवटचे पंधरा दिवस ती पेशंटच्या पोटऱ्या दोनदाऐवजी तीनदा मोजत होती. तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

निरोप समारंभात शाल दिली, नारळ दिला, तिच्यासाठी मधोमध खुर्ची ठेवली. ती खुर्चीच्या शेजारी उभी राहिली आणि भाषण म्हणून एवढंच बोलली, "चालत राव्हा."

एसटी स्टँडवर मी आणि तानूबाई पोचवायला गेलो. तिच्या पिशवीत वही, आणि रुमालात बांधलेलं ते पैंजण. टेप गळ्यात. बस लागली तेव्हा तानूबाई एकदम म्हणाली, "समद्या गावाची मापं घेतलीस. तुजं कुनी घेतलंय?"

कुणीच नव्हतं घेतलं. वहीत तिचं पान नव्हतं. तानूबाई सत्तरीची बाई, स्टँडवरच्या त्या धुळीत खाली बसली, चंचीतून काळा दोरा काढला, तिचं लुगडं चार बोटं वर सारलं. उजव्या पोटरीला दोरा, गाठ, मग डाव्या. मालन सिस्टर कवायतीला उभी असल्यासारखी ताठ. लोक बघत होते.

"पोचतीया," तानूबाई म्हणाली. "जा आता."

मालन सिस्टरनं लुगडं खाली सारलं. "तवा तू कुटं हुतीस गं?" एवढंच म्हणाली, आणि बसमध्ये चढली. नऊ वर्षांत तिचा आवाज हललेला मी तेव्हाच ऐकला. बस निम्मी रिकामी होती. कंडक्टर जागा दाखवत होता. वळणावर बस दिसेनाशी होईपर्यंत ती मधल्या दांडीला धरून उभीच दिसत होती.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर तिचा पहिला निरोप आला: "मुलगी. डा. ३४ उ. ३४." मी उत्तर पाठवलं, "चालतंय." मग रोज सकाळी आठला दोन आकडे, दुसरं काही नाही. तानूबाई रोज लॅबच्या दारात येऊन ते ऐकायची आणि जायची. दहाव्या दिवशी डावी साडेचौतीस आली. अर्ध्या सेंटिमीटरला पुस्तक काही म्हणत नाही. पण त्या दिवशी मी दोन नमुन्यांवर चुकीची नावं लिहिली, आणि तानूबाई तीनदा येऊन गेली. अकराव्या दिवशी पुन्हा चौतीस, चौतीस.

बाराव्या दिवशी आठ वाजले, निरोप नाही. दहा वाजले, नाही. तानूबाई दारात उभी, मी बस म्हटलं तरी बसेना. फोन करायचा माझा धीर होईना. बारा वाजून गेल्यावर मोबाइल वाजला. मी आधी मनात वाचलं, मग तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"डा. ३४ उ. ३४. बारसं झालं. पूजाच्या पायात पैंजण घातलं. सैल हाय."